तळघरात उतरवलेला पंप

मित्रांनो, तळघरातल्या फळीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांना टेकून पडलेला जुना पंप म्हणजे मीच. माशांच्या टाकीत पाणी खेळतं ठेवणं हे माझं काम. मी वीतभर उंचीचा, लोखंडी अंगाचा आणि, खोटं कशाला बोलू, आवाजाने जरा दांडगा.

कारखान्यात मला घडवलं, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी मला चालू करून कान लावला आणि "खणखणीत आहे," असं म्हणून शिक्का मारला. ती माझी पहिली शाबासकी. पुढे हाच आवाज माझ्या मुळावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

या घरात मला आजोबांनी आणलं. बैठकीच्या खोलीत काचेची मोठी टाकी, तिच्याखालच्या कपाटात मी, आणि टाकीत एक लठ्ठ सोनेरी मासा. त्याच्या पोटाचा घेर पाहून नातीने त्याचं नाव शेटजी ठेवलं होतं. आजोबांना ऐकू कमी यायचं. म्हणून सकाळी चहाच्या आधी ते कपाट उघडून माझ्या पाठीवर तळहात ठेवत आणि विचारत, "काय रे, बरा आहेस ना?" मी थरथरत असे. तेवढं त्यांना पुरे होई. पाणी गाळणाऱ्या स्पंजमध्ये घाण अडकली की माझी थरथर बदलायची, आणि ते लगेच मुलाला हाक मारायचे, "अरे, पंपाला दम लागलाय, बघ जरा."

आजोबांची सून रुग्णालयात रात्रपाळी करायची. दिवसा ती शेजारच्या खोलीत झोपे, आणि माझी घरघर भिंतीतून तिच्या उशाशी पोचे. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "डोळा लागतो न लागतो, तोच याचं दळण ऐकू येतं." मला तिचा राग आला नाही. थकलेल्या माणसाला झोप हवीच.

तिचा नवरा सुतार. त्याने ते मनावर घेतलं. सुट्टी काढून तळघर उपसलं, मोडक्या खुर्च्या नि फुटक्या बादल्या बाहेर काढल्या, भिंतींना पांढरा रंग दिला. वरच्या जमिनीला भोक पाडून दोन नळ्या खाली आणल्या. एकीतून पाणी गाळणीच्या टाकीत उतरायचं, दुसरीतून मी ते परत वर चढवायचं. वायरींना मुद्दाम झोल ठेवला, म्हणजे एखादा थेंब ओघळला तरी स्विचबोर्डापर्यंत जाऊ नये. खोली देखणी झाली होती, हे मलाही मान्य आहे.

मला कपाटातून उचलताना आजोबा म्हणाले, "माझे गुडघे तो जिना उतरू देणार नाहीत. याचं मला कळणार कसं?"

"बाबा, मी रोज बघीन ना."

आणि तो बघायचाही, सुरुवातीला. पण खोली जमली तरी त्याचं मन भरेना. त्याने मला जाड रबरावर बसवलं. दाराला जुन्या गादीचा फोम ठोकला, नळ्यांभोवतीही कोंबला. वर पाण्याचा खळखळाट नको म्हणून नळीचं तोंड पाण्याखाली घेतलं. पाहुणे आले की त्यांना खाली आणून मला दाखवी, मग सगळे बाहेर आले की दार लावून विचारी, "ऐका बरं, काही ऐकू येतंय?" पाहुणे म्हणत, "छे, काहीच नाही." त्याची छाती फुगे. मित्रांनो, आपण असून नसल्यासारखे आहोत, याचंच कौतुक ऐकणं फार जिव्हारी लागतं.

हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. एके दिवशी स्पंज गच्च तुंबला. पाणी मिळेना तसा मी खरखरलो, तापलो, जिवाच्या आकांताने ओरडलो. माझा आवाज फोमपाशीच जिरला. मग मी अडकून बंद पडलो.

वर काय घडलं ते पुढे नातीने माझ्याशेजारी बसून रडत सांगितलं, तेव्हा कळलं. शेटजी पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होता. तिला वाटलं, भूक लागली. तिने भरपूर खाणं टाकलं. त्याने पाणी अधिकच नासलं. आजोबा म्हणाले, "हा सारखा वर का येतोय? पंप चालू आहे ना?" मुलाने जागेवरून न उठता सांगितलं, "आवाज येत नाहीये ना बाबा? म्हणजे मस्त चाललाय."

दुसऱ्या दिवशी शेटजी पाण्यावर आडवा तरंगत होता.

सुताराने त्याच दिवशी दाराचा फोम ओरबाडून काढला. पत्नी म्हणाली, "राहू दे दार उघडं. येऊ दे आवाज." पण आता आवाज करणारं कोणीच नव्हतं.

काल नात मला पुसून वर घेऊन गेली आणि तिने मला आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सवयीने माझ्या पाठीवर तळहात ठेवला. "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारून ते वाट पाहत राहिले. मित्रांनो, एकदा तरी थरथरावं म्हणून मी फार धडपडलो. मला ते जमलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढून घेतला. मग नातीने मला परत खाली या फळीवर आणून ठेवलं.

तुमच्या घरीही कुणीतरी घरघरत असेल, कण्हत असेल, खोकत असेल. त्याचा त्रास होतो, हे मला ठाऊक आहे. दार लावायचं तर लावा. पण रोज एकदा ते उघडून आत जा आणि त्याच्या पाठीवर हात ठेवा.