शेवटच्या पाहुण्याच्या मागे

“आता काय झालं, बाई?”

“काही नाही हो. हा घड बघतेय. किती गच्च भरलाय बघा तरी!”

बाईंनी सायकल रस्त्याच्या कडेला टेकवली होती आणि तारांवर चढवलेल्या वेलींत डोकं घालून त्या द्राक्षं बघत उभ्या होत्या. तेही चढाच्या ऐन मध्यावर. शेपूटरावांनीही पाय टेकले आणि वैतागल्यासारखा चेहरा केला. मनातून मात्र त्यांना हायसं वाटलं. उजवा गुडघा सकाळपासून असा ठणकत होता, की बाईंना अजून दहा घड दिसले असते तरी त्यांची हरकत नव्हती.

शेपूटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. द्राक्षमळ्यांतून पाच दिवसांची सायकल सहल काढणाऱ्या कंपनीत ते डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून होते आणि सगळ्यांच्या मागे सायकल चालवणं हेच त्यांचं काम होतं. कामाचा नियम साधा. शेवटच्या पाहुण्याला ओलांडायचं नाही आणि त्याच्यापासून तुटायचंही नाही. पाहुणा थांबला की थांबायचं, तो उतरून चालायला लागला की आपणही उतरायचं. या नियमापायी हा माणूस उभ्या आयुष्यात एकाही वाइनरीच्या फाटकातून सगळ्यांत आधी आत शिरला नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांच्या मागे असायची फक्त सामानाची गाडी. ती चालवायचा त्यांचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

सहल निघायच्या आधी मालकीणबाईंनी त्यांना आत बोलावलं होतं.

“काका, सायकल मला तुम्ही शिकवलीत. म्हणून तोंडावर सांगते, राग मानू नका. पाहुणा दमला तर तो गाडीत बसतो. पण तुम्हीच बसायला लागलात, तर मागे पडलेल्याने बघायचं कुणाकडे? या सहलीत एकदा जरी गाडीत बसलात, तर पुढच्या वेळेपासून ऑफिसात बसायचं.”

ऑफिसात गुबगुबीत खुर्ची होती, पंखा होता, दर तासाला चहा होता. दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. शेपूटरावांना मात्र त्या खुर्चीच्या नुसत्या विचाराने अन्न गोड लागेना. “माझा गुडघा ठणठणीत आहे,” असं ते ठासून म्हणाले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. गुडघ्याचंही आणता येत नाही, हे त्यांना पहिल्याच चढाला कळलं.

मेहुणा रोज गाडी शेजारी आणून काच खाली करायचा. “दाजी, बसा की थोडा वेळ. ताईची शपथ, कुणाला सांगणार नाही.”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि तू शपथा घे. चल, मागे हो.”

या सहलीत एक गमतीची प्रथा होती. जो पाहुणा दिवसअखेर सगळ्यांत शेवटी पोहोचेल, त्याने रात्रीच्या जेवणाला सगळ्यांचे पेले भरायचे. पहिल्या दिवसापासून हे काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्याच आलेल्या. लांबलचक टेबलाभोवती बाटली घेऊन त्या फिरायच्या आणि बँकेत मॅनेजर असलेला एक पाहुणा रोज न चुकता म्हणायचा, “बाई, उद्याही तुमच्याच हातची बरं का! आत्ताच सांगून ठेवतो.” टेबल हसायचं. बाईही हसायच्या.

तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. बाईंनी एका विहिरीपाशी पाणी प्यायला थांबवलं, मग एका कुत्र्यापाशी, मग फुलांपाशी. दोघं पोहोचले तेव्हा बाकीच्यांची आंघोळ होऊन पोटात कावळे ओरडत होते. “एवढा उशीर?” कुणीतरी विचारलं.

“मला काय विचारता? बाईंना विचारा,” शेपूटराव म्हणाले. “मळे बघत बघतच यायचं तर माणसाने पायी यावं. सायकल कशाला हवी?”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. टेबल खो खो हसलं. बाईंनी बाटली उचलली. फिरत फिरत त्या शेपूटरावांपाशी आल्या आणि त्यांचा पेला जरा जास्तच भरून पुढे गेल्या.

चौथ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी मॅनेजरची सायकल पंक्चर झाली. म्हणजे त्या वेळचा शेवटचा पाहुणा तो. बाई पुढे गेल्या. शेपूटरावांनी ट्यूब बदलली, हवा भरली आणि मॅनेजर पॅडल मारत निघाला. मग हात पुसता पुसता त्यांनी सहज वर बघितलं. रस्ता मळ्यांतून वळणं घेत वर चढत होता आणि त्या रस्त्यावर बाई होत्या.

बाई पॅडलवर उभ्या राहून सायकल मारत होत्या. पुढे एक तरणंताठं जोडपं धापा टाकत चाललं होतं, त्यांना त्यांनी सपकन मागे टाकलं. एक वळण, दुसरं वळण, पाय टेकायचं नाव नाही. मग सगळ्यांत वरच्या वळणावर त्या थांबल्या, मागे वळल्या, आणि कपाळावर आडवा हात धरून खालचा रस्ता न्याहाळत राहिल्या.

शेपूटरावांचा हात पुसायचा थांबला. कळायचं ते सगळं त्यांना तिथेच कळलं.

ते वर पोहोचले तेव्हा मॅनेजर बाईंना ओलांडून पुढे गेला होता आणि बाई कठड्यावर बसून हेल्मेटने वारा घेत होत्या. “बाई गं! जीव गेला माझा या चढाने.”

“बाई, मी खालून बघत होतो.”

हेल्मेट हलायचं थांबलं.

“कधीपासून चाललंय हे?” शेपूटरावांनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” बाई म्हणाल्या. “दुपारी सायकलवरून उतरताना तुम्ही हाताने पाय उचलून अलीकडे घेतलात, तेव्हा बघितलं मी. गाडीत का बसत नाहीत म्हणून तुमच्या मेहुण्याला विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं.”

“सांगणारच तो! आणि मी काल सगळ्यांसमोर तुम्हाला…”

“बोललात खरं. लागलंही मला, खोटं कशाला बोलू?” बाईंनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “शाळेच्या सहलीत मी कायम रांगेच्या शेवटी असायचे. मागचं पोर दमलं की पुढच्यांना कुठल्यातरी निमित्ताने थांबवायचं. त्या पोराला कळू द्यायचं नाही. सवय आहे मला.”

“मी पोर नाही, बाई.”

“नाही ना. पोराला एक फुलपाखरू पुरतं. तुमच्यासाठी मला चार दिवस द्राक्षं बघावी लागली.”

शेपूटरावांना राग आला होता आणि हसूही येत होतं. दोन्हींच्या तळाशी शरम होती, ती काही केल्या जाईना.

“उद्याचा एकच चढ राहिलाय,” बाई म्हणाल्या. “निभावून नेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आणि निभावलंही असतं. पण रात्री जेवताना मॅनेजरने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं. “बाई, उद्याच्या शेवटच्या चढाचं काय? पहिल्या दिवशी ओळख करून देताना तुम्ही म्हणाला होतात ना, हा चढ न थांबता चढायचा म्हणून वर्षभर बिल्डिंगचे जिने चढलेय! जिन्यात द्राक्षं नव्हती वाटतं?”

“बघू,” बाई म्हणाल्या आणि त्याचा पेला भरून पुढे सरकल्या.

शेपूटरावांनी हातातला घास ताटात ठेवला. ती ओळख चालली होती तेव्हा ते टायर तपासत बसले होते. बायकोचा फोन आला. “गुडघा कसाय?” तिने विचारलं. “जागच्या जागी आहे,” नेहमीचं उत्तर देऊन त्यांनी फोन ठेवला. बाई आपल्याला त्या ऑफिसातल्या खुर्चीपासून वाचवत होत्या आणि त्यापायी स्वतःचं वर्ष घालवत होत्या. एवढं उपकाराचं ओझं घेऊन मागे चालण्यात कसलं आलंय काम, असं त्यांना वाटत राहिलं.

सकाळी चढाच्या पायथ्याशी बाई बूट बांधायच्या निमित्ताने खाली वाकल्या. बाकीचे पुढे निघाले.

“बूट बांधलेला आहे, बाई. निघा,” शेपूटराव म्हणाले. “आज थांबायचं नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझं मी बघतो. मागे कोण आहे ते पाहुण्याने बघायचं नसतं. ते काम माझं.”

“अहो, पण मालकीणबाई…”

“जा म्हणतो ना!”

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं, वाद घातला नाही आणि सायकलवर बसल्या. पहिल्या वळणापर्यंत त्या जपून गेल्या. मग उभ्या राहिल्या, आणि मॅनेजरच्या शेजारून अशा काही निघून गेल्या, की त्याची सायकल दचकून डगमगली.

शेपूटरावांनी मॅनेजरच्या मागे जायचा प्रयत्न केला. दुसऱ्या वळणावर गुडघ्याने जागा सोडल्यासारखी कळ मारली आणि त्यांचा पाय टेकला. वर मॅनेजर वळणाआड गेला. शेवटचा पाहुणा आणि आपण यांच्यामध्ये रिकामा रस्ता पडलेला त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. सायकल हातात धरून रमतगमत वर जाता आलं असतं, कुणी विचारलं नसतं. पण तिकडे मॅनेजर आपटला तर त्याच्या मागे कोण होतं?

त्यांनी हात वर केला. गाडी शेजारी येऊन थांबली.

“सायकल वर चढव,” शेपूटराव म्हणाले.

मेहुण्याचा चेहरा पडला. पाच दिवस जो आग्रह केला, तो असा फळलेला त्याला बघवेना. “दाजी, ऑफिसात कुणाला कळणार नाही. माझ्या पोरांची शपथ.”

“शपथा पुरे. ऑफिसात मीच सांगणार आहे. आवर लवकर, तो पुढे गेला.”

पुढच्या सीटवर पाहुण्यांच्या बॅगा होत्या, त्या मेहुण्याने मागे टाकल्या. शेपूटरावांना पट्टा कुठून ओढायचा ते कळेना. मेहुणा पलीकडून वाकला आणि त्याने तो लावून दिला. मॅनेजर दिसायला लागल्यावर ते म्हणाले, “बस, एवढंच अंतर ठेव. ओलांडू नकोस.”

“नाही ओलांडत, दाजी.”

वर, मळ्याच्या शेवटच्या पट्ट्यात, बाई सगळ्यांच्या पुढे निघालेल्या दिसत होत्या. गाडी मॅनेजरच्या मागून हळूहळू चढत होती. शेपूटराव दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि रस्ता जिथे जिथे उभा व्हायचा, तिथे तिथे त्यांचा उजवा अंगठा आपोआप गिअर बदलायचा.