गच्चीवरचा हीट पंप

जे. पी. नगरातलं घर आतून सगळं नवं करायचं ठरलं, तेव्हा प्रमोदिनीनं एकच गोष्ट आपल्या हातात ठेवली, ती म्हणजे अंघोळीचं पाणी. फरश्या, रंग, ओटा नवऱ्यानं निवडावा, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पाणी मात्र हवेत कमीत कमी धूर सोडून तापायला हवं. सरकारी संशोधन संस्थेत तीस वर्षं तिनं उष्णतेवरच काम केलं होतं. शेजारच्या उंच इमारतीची सावली गच्चीवर पडते, म्हणून सौर बंब बाद झाला. राहिला हीट पंप, बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारा. वीज खातो, पण गीझरच्या पाव हिश्शानं.

तिच्या नवऱ्याला, विद्याधररावांना, प्रत्येक न्हाणीघरात साधा गीझर हवा होता. आठवडाभर वाद झाला. मग एका सकाळी ते म्हणाले, "बरं बाई, तुझंच खरं." इतक्या शहाण्यासारखी माघार घेतली, की तिला भरून आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा गृहस्थ असा सुखासुखी कधी हरला नव्हता. तिनं तिथंच ओळखायला हवं होतं, पण प्रेमानं कौतुक झालं की भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना असलेल्या संग्रामनं यंत्र बसवलं. प्रमोदिनी रोज सकाळी टाकीतल्या पाण्याचं तापमान वहीत लिहायची. पंचावन्न, छप्पन्न, पंचावन्न. विजेच्या बिलावरून काही कळायची सोय नव्हती, कारण फरशी कापायची यंत्रं घरात दिवसभर किंचाळत होती. चार महिन्यांत गल्लीतल्या चार घरांनी तिच्या शब्दावर तेच यंत्र मागवलं. आल्यागेल्याला विद्याधररावच गच्चीवर न्यायचे आणि म्हणायचे, "सगळं हिचं डोकं!"

त्या चारांतलं एक घर शेजारच्या ठकुबाईंचं. चिकोडीकडच्या ठकुबाईंनी नव्या यंत्रासाठी जागा हवी म्हणून पाणी तापवायचा तांब्याचा हंडा मोडीतही घातला होता. यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी त्या प्रमोदिनीचं यंत्र बघायला तिच्या गच्चीवर आल्या. प्रमोदिनीनं समजावलं, की हवेतली ऊब पाण्यात जाते आणि थंड झालेली हवा इकडून बाहेर पडते.

ठकुबाईंनी पंख्यापुढं तळहात धरला. बराच वेळ धरला.

"अक्का, थंड कुठं यायलंय? ह्ये तर आपलं नेहमीचंच वारं."

प्रमोदिनीनंही हात धरून पाहिला. जन्मभर उष्णता मोजली, चार महिने पाणी मोजलं, पण पंख्यापुढं हात म्हणून धरला नव्हता. तिनं स्क्रूड्रायव्हर आणून पत्रा उघडला. पंखा चालू होता. हवेतली ऊब ओढणाऱ्या कॉम्प्रेसरच्या वायरी जोडल्याच नव्हत्या, चिकटपट्टी लावून गुंडाळून ठेवल्या होत्या. पाणी तापवत होती टाकीतली विजेची कॉइल, म्हणजे गीझरच.

तिनं तिथूनच संग्रामला फोन लावला.

"विद्याधर अण्णांनीच सांगितलं होतं, अक्का," तो चाचरत म्हणाला. "कॉइलवरच ठेव, बाईंना कळू देऊ नको म्हणाले. यंत्र एकदम चांगलं आहे हो. कॉम्प्रेसरचं बटण मी एकदाही दाबलेलं नाही, अगदी कोरा आहे."

विद्याधरराव आवाज ऐकून वर आले. उघडा पत्रा पाहून क्षणभर थबकले, मग हसले.

"अगं, डिसेंबरात पहाटे पाच वाजता मला कढत पाणी लागतं, ते त्या गार हवेतनं कुठं निघणार? तुझी हौस राहिली, माझं पाणी राहिलं. कुणाचं काय बिघडलं?"

हौस! तीस वर्षांच्या कामाला हा माणूस हौस म्हणत होता. रोज सकाळी ती वही घेऊन जिना चढायची, तेव्हा हा खाली चहा पीत मनात हसत असणार. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तिला आज कळलं. पाहुण्यांपुढं केलेलं कौतुकही तिला आता चटके देऊ लागलं.

तिचा चेहरा पाहून विद्याधरराव ठकुबाईंकडे वळले. "काय आहे, ही यंत्रं नाजूक असतात. हिचंही चुकतं कधी कधी. तुम्ही आपला साधा गीझरच घ्या."

"ठकुबाई," प्रमोदिनी म्हणाली. "यंत्र नाजूक नाही. ते चालूच केलं नव्हतं. यांनी करू दिलं नाही, आणि चार महिने मला फसवलं."

"प्रमोदिनी, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच बोलायचं आहे मला. उरलेल्या तिन्ही घरी आत्ता जाऊन खरं काय ते सांगायचंय. चपला घाला."

विद्याधरराव जागचे हलले नाहीत. ठकुबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला अक्का, मी येते."

दोघी खाली उतरल्या.