ओडिलिया आजीची सही

मित्रांनो, डोंगरातल्या ब्रुन्नमाट गावी पंचायत कचेरीच्या भिंतीत मला बसवले आहे. मी कचेरीला आलेले कागद घेणारी एक जुनी लोखंडी पत्रपेटी आहे, आणि वयाच्या मानाने माझी तब्येत अगदी ठणठणीत आहे. गावचे लोक मला 'हिरवी' म्हणतात. दर काही वर्षांनी कुणीतरी येऊन आधीचा रंग न खरवडताच नवा रंग फासून जातो. त्यामुळे मी दिवसेंदिवस जाडजूड होत चालले आहे, पण माझी त्याबद्दल तक्रार नाही.

मला गावच्याच लोहाराने घडवले. पंचायतीने त्याला लहानशी पेटी सांगितली होती, पण त्याचा स्वभाव सढळ. त्याने माझे तोंड इतके रुंद ठेवले की बघायला आलेला पाववाला म्हणाला, "हिच्यात तर माझा अख्खा पाव जाईल." पुढे कितीतरी वर्षे माझ्या पोटात कसले कसले कागद पडले. रात्री गाईंच्या घंटांनी झोप लागत नाही, अशी तक्रार नव्याने राहायला आलेले लोक टाकत. आमच्या गाईंना नावे ठेवू नका, असे उत्तर जुने लोक टाकत. मला दोन्ही बाजू पटत.

मात्र एक सल होता. मतदानाच्या रविवारी माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. प्रार्थना आटोपून लोक चांगल्या कपड्यांत यायचे, माझ्यासमोरून पायऱ्या चढून आत जायचे, दारातल्या माणसाच्या हाती आपले मतदार कार्ड द्यायचे आणि आतल्या लाकडी मतपेटीत मत टाकायचे. ती पेटी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडायची, आणि त्या दिवशी तिचा काय तो रुबाब! मी नुसती जळायचे.

त्या रांगेतली एक बाई मला पक्की आठवते. आमच्याकडे बायकांना मताचा हक्क फार उशिरा मिळाला. तो मिळाला त्या वर्षी सर्वांत आधी आली ती वरच्या वाडीची ओडिलिया. माझ्याशेजारच्या बाकावरचा एक जण कुरकुरला, "बायका इथं आल्या, आता घरी रांधणार कोण?" ती म्हणाली, "तुझं तू रांध. मी माझं रांधून आले." त्या दिवसापासून तिने एकही मतदान चुकवले नाही. आता सगळे गाव तिला आजी म्हणते.

मग टपालाने मत देण्याची पद्धत आली आणि माझे भाग्य उजळले. मतदानाच्या बरेच दिवस आधी घरोघरी एक मोठे पाकीट येते. मतपत्रिका भरायची ती आपल्याच स्वयंपाकघरात, कॉफी पीत, हवे तर नवऱ्याशी भांडत. ती छोट्या पाकिटात घालून चिकटवायची. मतदार कार्डावर सही करायची. कार्ड आणि छोटे पाकीट मोठ्या पाकिटात घालायचे. मग तिकीट लावून टपालात टाका, नाहीतर चालत या आणि बिनतिकिटाचे मला द्या. लोक सपाता घालून येऊ लागले, दुधाच्या गाड्या थांबवून येऊ लागले. अहाहा, कसले सुख ते! मी त्या दिवसांत फुगून जाते.

यंदाच्या वसंतात पंचायतीच्या एका जागेची निवडणूक होती. एका बाजूला लीना. ती वरच्या वाडीचा रोपवे चालवते. रोपवेची दोरी जुनी झाली आहे, पंचायतीने ती बदलावी म्हणून ती उभी राहिली. दुसऱ्या बाजूला आलोइस. चौकातली खानावळ त्याची, दंड खांबासारखे. त्याचे वडील पंचायतीत होते, आणि आपणही त्या टेबलाशी बसावे ही त्याची लहानपणापासूनची इच्छा होती. तो ते कुणापाशी बोलत नसे, पण माझ्याशेजारच्या बाकावर बसून कचेरीच्या खिडकीकडे बघत राहायचा. मला कळायचे.

ओडिलिया आजीचे कंबरेचे दुखणे वाढले होते. म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा मत पाकिटातून पाठवले. शनिवारी लीनाने ते खाली आणून माझ्या तोंडात टाकले. संध्याकाळी कारकून रेगुलाने मला उघडले आणि आत बसून ती कार्डे तपासू लागली. माझ्या डोक्यावरची खिडकी उघडी होती, त्यामुळे तिचा फोन मला स्पष्ट ऐकू आला.

"आजी, तुमच्या कार्डावर सही नाही."

"सही कशाला? इतकी वर्षं दारात नुसतं कार्ड देत आले, कुणी सही मागितली नाही."

"समोर येऊन मत देता तेव्हा नाही लागत. पाकिटातून दिलं की लागते. उद्या अकराच्या आत येऊन करा, नाहीतर मत बाद होईल."

"सकाळी रोपवेच्या पहिल्या डब्याने येते," आजी म्हणाली.

पण रविवारी सकाळी दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला. तो सुटला की आमच्याकडे डोकी दुखतात, कौले उडतात आणि रोपवे बंद पडतो. लीनाने वरूनच कळवले की डबा सोडणार नाही. खरे तर आजीचे मत तिलाच पडणार, असे गाव धरून चालले होते. पण वाऱ्यात माणूस टांगायचा नाही म्हणजे नाही, असे तिने ठणकावून सांगितले. मला तिचा अभिमान वाटला.

रेगुला फोन हातात घेऊन दारात आली. तिचा चेहरा पडला होता. "आजी पायी निघते म्हणतात. कसंबसं थांबवलंय. कार्ड वर पाठवावं तर एकदा कचेरीत आलेलं कार्ड बाहेर नेता येत नाही."

आलोइस नेमका माझ्यापाशीच उभा होता, आपले पाकीट टाकत. बाकावरून कुणीतरी म्हणाले, "नशीब काढलंस गड्या. वरची वाडी म्हणजे लीनाची मतं. एक तर आपोआप गळलं."

आलोइस मान खाजवत उभा राहिला. मी मनात म्हटले, आता हा गप्प बसेल, आणि गप्प बसला तर त्याला कोण नावे ठेवणार? नुसते घरी जाऊन चहा प्यायला की झाले.

"आजीचं मत चुकलं," तो म्हणाला, "तर ती मरेपर्यंत माझ्या खानावळीत बसून तेच ऐकवेल. मला नाही झेपायचं ते." आणि आपल्या खानावळीत जाऊन तो पाठीवरून चीज वाहायची लाकडी चौकट घेऊन बाहेर आला. पट्टे खांद्यांवर ओढले आणि डोंगराची वाट धरली.

पुढे बराच वेळ काही घडले नाही. लोक प्रार्थनेला गेले, परत आले, पण कुणी घरी जाईना. सगळे वाटेकडे डोळे लावून होते. रेगुला तर तीनतीनदा पायरीवर येऊन गेली. मीही माझ्या जागेवरून जेवढे दिसते तेवढे पाहत होते.

आधी आवाज आला.

"उजवीकडून घे, उजवीकडून. चीज आणतोस तेव्हा नीट चालतोस की रे."

"चीज बोलत नाही आजी, म्हणून."

अकराला थोडाच वेळ उरला असताना वळणावरून आलोइस आला, घामाने निथळत. त्याच्या पाठीवर घोंगडी पांघरून, डोंगराकडे तोंड करून ओडिलिया आजी बसली होती. सणाचा रुमाल डोक्याला बांधला होता. चौकात असा हशा आणि टाळ्या झाल्या की माझे झाकण थरथरले.

आत गेल्यावरही तिचे तोंड चालूच होते. "गुप्त मतदान म्हणता आणि वर सही मागता. उद्या फोटो चिकटवायला सांगाल."

"मत गुप्तच आहे आजी. ते छोट्या पाकिटात बंद आहे, मी त्याला हात लावलेला नाही. सही कार्डावर. पाकीट तुम्हीच भरलं, शेजारणीने नाही, एवढंच ती सांगते."

"माझ्या शेजारणीला कुठलं एवढं नीट भरता येतंय," आजी म्हणाली, आणि मग आत शांतता पसरली. ती सही करत होती. मित्रांनो, मी त्या शांततेत फार सुखावले.

दुपारी निकाल लागला. लीना निवडून आली. एका मताने.

 बाकावरून कुणीतरी बोललेच, "आलोइस, तू तर स्वतःचा पराभव स्वतःच्या पाठीवर वाहून आणलास." आलोइसचा चेहरा लाल झाला. त्याला वाईट वाटले होते, ते लपत नव्हते. मलाही वाईट वाटले.

ओडिलिया आजी त्याच्याच खानावळीतले जवाचे सूप बाकावर बसून पीत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"मी कुणाला मत दिलं, ते तुला कुणी सांगितलं?" तिने त्या माणसाला विचारले. "मी आले नसते तर हा दोन मतांनी पडला असता, कशावरून नाही?"

आलोइस तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे आजी, तू मला..."

"गुप्त मतदान आहे," आजी म्हणाली. "आणि सुपात मीठ कमी आहे."

आधी आलोइसच हसला, पोट धरून, आणि मग सगळा चौक. संध्याकाळी वारा पडला, लीना डब्यातून खाली आली, तेव्हा तिच्या हातात हात द्यायला तोच सर्वांत आधी पुढे झाला. दोरीच्या कामाला माणसे लागतील तेव्हा मला हाक मार, असेही तो तिला म्हणाला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी असे पाकीट येईल. मत खुशाल घरी बसून द्या, कॉफी पीत द्या, पण मोठे पाकीट चिकटवण्याआधी कार्ड एकदा डोळ्यांसमोर धरा आणि त्यावर आपली सही आहे ना ते पाहा. आमचे निभावले. पण प्रत्येक गावाला आलोइस मिळेलच असे नाही.