मुका कॉम्प्युटर आणि गाणारा रेडिओ

जाऊबाईंच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे कान टेबलावरच्या रेडिओकडे. काटा दोन स्टेशनांच्या मधोमध, आणि तरी आतून किनऱ्या आवाजात गाणं येत होतं. वर्षापूर्वी गेलेल्या भावोजींनी स्वतः बांधलेली चाल! रेडिओखाली त्यांचाच जुना कॉम्प्युटर, शालीत गुंडाळलेला.

"आत्मा म्हणजे लहर, माऊली," रेडिओशेजारी बसलेले तरंगबाबा डोळे मिटून म्हणाले. "लहर रेडिओत नाही उतरणार, तर काय पाटावरवंट्यात?"

"कॉम्प्युटर चालू असेल," कुणीतरी पुटपुटलं.

"टीव्ही जोडलाय का त्याला? मग चालू कसा असेल?" शेजारीणबाईंनी झापलं. त्या कॉम्प्युटरला पडदा म्हणून घरचा टीव्हीच लागायचा, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

बाबा जाऊबाईंकडे वळले. "साहेब सांगताहेत, डोळ्यांना सुरी लावू नकोस. बाबांचे मंतरलेले थेंब घाल."

जाऊबाईंनी लगेच मान डोलावली. त्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. आता थांबलात तर उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

संध्याकाळचा जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हे माझं रोजचं व्रत. वाद घालायची सोयच नव्हती. हातातला दिवा ठेवायला टेबलावर जागा नव्हती, म्हणून मी रेडिओ उचलला आणि खिडकीत ठेवला.

भावोजी गप्प, नुसती खरखर.

"ताई! आत्म्याला धक्का दिलात!" बाबा ओरडले.

मी घाबरून रेडिओ परत शालीवर ठेवला. गाणं सुरू. पुन्हा खिडकीत नेला, पुन्हा गप्प. आता मात्र मला गंमत वाटू लागली.

"काकू, थांब जरा." जाऊबाईंची मुलगी, माझी पुतणी, उठली. ती कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शालीखालून निघालेली वायर धरून ती भिंतीपर्यंत गेली आणि बटण बंद केलं. रेडिओ शालीवर ठेवून पाहिला, तर नुसती खरखर.

"अप्पांच्या या मशीनला स्पीकरच नाही, मुकं आहे ते. पण चालू असलं की जवळच्या रेडिओत त्याची गुणगुण उठते. ती गुणगुण सुरात यावी असा प्रोग्राम अप्पांनी लिहिला होता. टीव्ही नसला तरी आत काम चालूच असतं. काल 'एकांत हवा' म्हणून या बाबांनी दार लावून घेतलं ना? अप्पा प्रोग्राम कॅसेटवर साठवायचे, तेव्हा त्या कॅसेटवरून तोच प्रोग्राम यांनी मशीनमध्ये भरला."

"मग आत्मा?" शेजारीणबाईंचा आवाज बारीक झाला.

"त्याला विजेचं बटण लागतं वाटतं," मी म्हणाले. माझा जप संपला होता.

एकच हशा उठला. "इतक्या संशयात लहरी टिकत नाहीत!" असं म्हणत तरंगबाबा चपला शोधू लागले.

"अहो, थेंब राहिले तुमचे!" मागून कुणीतरी हाक दिली.

जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे हे गाणं त्यांचं नव्हेच?"

"अगं आई, चाल अप्पांची, प्रोग्राम अप्पांचा. जिवंतपणी हौसेनं केलेला. निरोप तेवढा या बाबाचा."

जाऊबाईंनी पदराने डोळे टिपले. "मग लाव गं परत. आणि सकाळी गाडी किती वाजता सांगितली आहेस?"

माझी देवावर श्रद्धा आहे, रोजची माळ चुकत नाही. पण हात जोडण्याआधी त्याच हातांनी चमत्कार जरा उचलून पाहावा, वायर कुठे जाते ते बघावं. त्यात देवाला राग येण्यासारखं काही नाही. आणि डोळ्यांचं विचारायचं असेल, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरलाच विचारावं.