सातवर होमरन

फेब्रुवारीत नवी कार्डं आली की हार्लन फाइचला दुसरं काही सुचत नसे. अमेरिकेतल्या शेबॉयगन गावातल्या आठ मित्रांची ही फाशांवरच्या बेसबॉलची लीग. गेल्या हंगामात खरे खेळाडू जसे खेळले, तशी कंपनी प्रत्येकाची कार्डं काढायची. मग आठही जण फेरीफेरीनं एकेक कार्ड निवडून आपापला संघ बांधायचे. दोन फासे टाकायचे, बेरीज करायची आणि कार्डावर त्या बेरजेपुढे जे लिहिलं असेल ते मुकाट्यानं मान्य करायचं. कुठला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, किती पाण्यात आहे हे हार्लनइतकं कुणालाच कळत नसे. प्रत्येकाच्या कार्डावर कुठल्या बेरजेला काय पडतं ते मांडून तो स्वतःच्या हिशोबानं त्याला गुण देई. आणि तरी दर वर्षी ढाल कोण नेणार? नॉर्ब शिमेल! नॉर्ब पिचर निवडायचा मिशा बघून. हार्लनच्या कपाळाची शीर उठायला एवढं पुरेसं होतं.

या वर्षी पुडक्यात गॅरेट फाइचचं कार्ड निघालं. हार्लनचा मुलगा.

गॅरेटला ऑगस्टमध्ये मोठ्या लीगमध्ये जेमतेम संधी मिळाली. तिथे त्याला फलंदाजांनी धू धू धुतलं, मग खांदा गेला आणि थंडी पडायच्या आत संघानं हातात नारळ दिला. आता तो घरी परतून गावातल्या रस्त्यांवरचं बर्फ लोटणारी गाडी चालवत होता. कार्ड आल्याचं कळल्यावर मात्र कधी नव्हे तो हसला. म्हणाला, "बघू तरी, कोण घेतंय मला."

हार्लननं ते कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. सहावर फलंदाजाला फुकट बेस. आठवर दोन बेसचा फटका. आणि सातवर होमरन, चेंडू थेट मैदानाबाहेर! दोन फाशांत सात सगळ्यात जास्त वेळा येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानं पुन्हा मांडलं, पुन्हा पुसलं, पण आकडे काही हलेनात. शेवटी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गरीब स्वभावाचा होता. "साहेब, त्याच्या चेंडूंवर तेवढे होमरन बसलेच की हो. आम्ही काय पदरचे घातले?"

हार्लननं फोन आपटला.

"अरे, पहिल्याच फेरीत घेऊन टाक ना त्याला," त्याची बायको मार्लिस भांडी विसळता विसळता म्हणाली. "मुलगा आहे तुझा."

"आणि लोकांनी हसायचं? बापानं भीक घातली म्हणायचं?"

"मग घेऊ नकोस."

"घेऊ नको कसा? कुणीच घेतलं नाही तर कार्ड डब्यात जातं. डब्यातलं कार्ड पुन्हा बाहेर निघत नाही."

"तुमचे नियम तुम्हालाच लखलाभ," असं म्हणून तिनं नळ बंद केला.

शेवटी हार्लननं तोड काढली. गॅरेटला शेवटच्या फेरीत घ्यायचं. संघाचं नुकसान नाही, पोराची शोभा नाही. आपल्या या अकलेवर तो खूश होता, हे सांगायलाच हवं.

निवडीच्या शनिवारी दुपारी सगळे हार्लनच्या तळघरात जमले. सॉसेज आणि बिअर आली, नेहमीची टिंगल सुरू झाली. गॅरेटही खाली येऊन जिन्याजवळच्या खुर्चीत बसला. त्याच्याकडे थेट कुणी बघत नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या. हार्लनचे तिन्ही पिचर त्याच्या मांडणीप्रमाणे मिळाले होते. चौथ्या फेरीत नॉर्बची पाळी आली.

नॉर्बनं मोहरीचा सॉस लागलेली बोटं पँटला पुसली. "गॅरेट फाइच," तो म्हणाला.

हार्लनची वर्षानुवर्षांची चीड उसळून आली. याला काही कळत नाही, आणि कळत नसून हा जिंकतो!

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो कडाडला. "चौथ्या फेरीत? कार्ड वाचलंस का मेल्या? सातवर होमरन आहे! सहावर फुकट बेस, आठवर फटका. तिन्ही मधले आकडे सडके! अख्ख्या पुडक्यात याच्याइतका टाकाऊ पिचर दुसरा नाही. मी एकेक मांडून पाहिलाय!"

बोलून झालं आणि मग त्याला जिन्याजवळची खुर्ची आठवली.

नॉर्ब खाली बघत म्हणाला, "मला पोरगा आवडतो. बस्स."

"बाबा," गॅरेटचा आवाज अगदी साधा होता, "तू मला कितव्या फेरीत घेणार होतास?"

हार्लनला खोटं बोलता आलं असतं. पण पिचरच्या गुणांबद्दल तो जन्मात कधी खोटं बोलला नव्हता, आणि चीड अजून उतरली नव्हती. "शेवटच्या," तो म्हणाला.

गॅरेटनं मान हलवली. "बरोबरच आहे. ते चेंडू मीच टाकले होते." तो उठला, खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे नॉर्बच्या शेजारी नेऊन ठेवली. "नॉर्बकाका, माझं कार्ड खेळेल तेव्हा फासे मी टाकले तर चालेल?"

"चालेल म्हणजे काय! तूच टाकायचे," नॉर्बनं सॉसेजची बशी त्याच्याकडे सरकवली.

हार्लनला उठून पलीकडे जावंसं वाटलं. पण तो खुर्चीला चिकटूनच राहिला. स्वतःचा असा संताप त्याला पूर्वी कधी आला नव्हता.

"हार्लन, तुझी पाळी," कुणीतरी हळूच म्हणालं.

त्यानं उरलेल्या कार्डांकडे पाहिलं. सिएटलचा एक डावखुरा अजून शिल्लक होता. इतका चांगला पिचर चौथ्या फेरीपर्यंत राहील असं त्याच्या कुठल्याच मांडणीत बसत नव्हतं. त्यानं डावखुऱ्याचं नाव घेतलं. त्या दिवसातली ती सगळ्यात अचूक निवड होती, आणि टेबलाभोवती तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.