नववा डबा वाजेल त्याचा डाव

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या बुडाला पाच भोकं आहेत, कडेला गंज चढला आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. मला तसलं काही जमणार नाही. माझ्यावर आणि एका भल्या माणसावर अन्याय झाला आहे, तो मला सांगायचा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, डाग देऊन सांधला, वर पिवळा रंग चढवला आणि आत किलोभर वनस्पती तूप भरलं. रेल्वेने मी परळीला आलो आणि मन्मथप्पांच्या किराणा दुकानात फळीवर बसलो. तिथून दिवाळीच्या आदल्या दिवशी छबुबाईने मला घरी नेलं. तूप सणात संपलं. मग तिने मला राखेने घासून माझ्यात लाल तिखट भरलं. चार वर्षं मी तिखट सांभाळलं. माझा स्वभाव असा का, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

छबुबाईचा नवरा धुळाजी. परळीपासून थोड्या अंतरावर एक साखर कारखाना होता, तिथे तो अकरा वर्षं हंगामी कामगार होता. गव्हाणीत, म्हणजे चरकाच्या तोंडाशी, ऊस लोटायचा, झाडांना पाणी घालायचं, पाहुणे आले की खुर्च्या मांडायच्या. सांगाल ते काम. कारखान्याचे चेअरमन भगवानराव. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

१९९४ साली देशाचे दरवाजे उघडले होते आणि बाहेरच्या कंपन्यांचे साहेब यंत्रं दाखवायला आमच्या माळापर्यंत येऊ लागले होते. कुणीतरी भगवानरावांना सांगितलं की असले साहेब गोल्फ खेळतात आणि मोठी बोलणी तिथेच होतात. झालं. गेस्ट हाउसमागच्या मुरमाड माळावर गोल्फचं मैदान करायचं ठरलं. औरंगाबादहून एक निवृत्त मेजर आले, त्यांनी खुणा करून दिल्या. हिरवळ उगवायची शक्यता नव्हती. म्हणून चेंडू जायच्या प्रत्येक भोकाभोवती वाळूचा गोल केला आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात कारखान्यातलं जळकं ऑइल मिसळलं. भोकांत बसवायला नऊ डबे हवे होते. गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात आठच निघाले. तेव्हा धुळाजी घरी आला, माझ्यातलं तिखट त्याने कागदावर ओतलं, पाणी साचू नये म्हणून खिळ्याने माझ्या बुडाला पाच भोकं पाडली आणि मला नवव्या जागी पुरलं. छबुबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मला मात्र मान वाटला. मेजरसाहेबांनी जाताना नियम घालून दिला होता: नऊ डबे कमीत कमी फटक्यांत पुरे करील तो जिंकला, पण शेवटच्या डब्यात चेंडू पडल्याचा आवाज आला, तरच डाव मोजायचा. भगवानरावांना हा नियम इतका आवडला की त्यांनी बंकट पेंटरकडून गेस्ट हाउसच्या भिंतीवर मोठा फलक रंगवून घेतला. वर लिहिलं, ‘नववा डबा वाजेल त्याचा डाव.’ खाली दर वर्षीच्या विजेत्याच्या नावाला जागा सोडली. म्हणजे मित्रांनो, मी वाजल्याशिवाय कुणी जिंकणार नव्हतं. एवढा मान तिखटाच्या डब्याला कधी मिळतो का?

आणि मग मी वाट पाहत बसलो.

जमिनीत पुरलेल्या डब्याला वर फक्त आभाळाचा एक गोल तुकडा दिसतो, पण ऐकू सगळं येतं. सातवा डबा माझ्यापासून पन्नास पावलांवर होता आणि त्याच्याजवळून जीपचा रस्ता जात होता. भगवानराव खेळायला येत. पहिले तीन डबे हसण्याखिदळण्यात जात. चौथ्यापासून त्यांचे फटके वाढत. सातव्यापाशी आले की त्यांना हमखास काहीतरी आठवायचं. कधी मुंबईचा फोन, कधी मीटिंग, कधी नुसताच चहा. ‘‘चला, बास झालं,’’ असं ते म्हणत आणि काठी पिशवीत टाकत.

आता तुम्ही म्हणाल, एक जण उठला तर बाकीच्यांनी खेळावं. तिथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. आमच्याकडे चेअरमन बसल्याशिवाय कुणी बसत नाही आणि चेअरमन उठल्यावर कुणी बसून राहत नाही. सभेत तसं, लग्नात तसं, आणि गोल्फमध्येही तसंच. चांगले शिकलेसवरलेले साहेब हातातला फटका सोडून जीपमध्ये चढत. धुळाजी रोज सकाळी माझ्याभोवतीची वाळू फळी ओढून सारखी करायचा, माझ्यातला पाला काढायचा, निशाणाची काठी पुसायचा. कशासाठी? दोन वर्षांत मी एकदाही वाजलो नाही.

सगळ्यांच्या पिशव्या वाहता वाहता धुळाजी मात्र खेळ शिकला होता. पहाटे फळी ओढायला आला की मोडक्या काठीने दोन-चार चेंडू मारून बघायचा. हात शांत होता त्याचा.

१९९६च्या जानेवारीत कारखान्याच्या वर्धापनदिनाची स्पर्धा ठरली. बंकट पेंटरने आधीच फलकावर १९९६ रंगवून पुढची जागा मोकळी ठेवली. खेळणारे चार: भगवानराव, इंजिनियर बद्रीनाथसाहेब, पुण्याच्या यंत्रकंपनीचे एक पाहुणे आणि शेतकी अधिकारी. शेतकी अधिकाऱ्यांना ताप आला. पाहुणे म्हणाले, ‘‘मग हे धुळाजी खेळतील ना चौथे. मघाशी यांचा हात पाहिला मी.’’

भगवानराव मोठ्याने हसले. ‘‘खेळ बे धुळ्या. तुजी पन हौस फिटू दे.’’

त्या सकाळी निघताना धुळाजी पाचवीतल्या आपल्या लेकीला, वैष्णवीला, सांगून आला होता, ‘‘जिंकलो तर भिंतीवर माजं नाव येनार. तू वाचून दाखवायचं.’’ अकरा वर्षांत त्याचं नाव हंगामी हजेरीच्या कागदाशिवाय कुठेच लागलं नव्हतं. हजेरीचा कागद हंगाम संपला की बंबात जायचा. ही एक मोकळी जागा त्याला हवी होती, एवढंच.

सातवा डबा झाला तेव्हा धुळाजीचे छत्तीस फटके झाले होते, भगवानरावांचे अडतीस. बाकीचे दोघे बरेच मागे होते. पाहुण्यांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी जमिनीत सावरून बसलो. आज मी वाजणार होतो.

तेवढ्यात भगवानराव म्हणाले, ‘‘चला, बास झालं. ऊन लई हाय.’’

मित्रांनो, पौष महिना होता. बद्रीनाथसाहेबांच्या गळ्यात मफलर होता! नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते ठीक, पण इथे बिचाऱ्या सूर्यालाच वाकडं ठरवलं.

पाहुणे म्हणाले, ‘‘अहो, दोनच राहिलेत.’’

बद्रीनाथसाहेब खाली वाकून काठ्या पिशवीत भरत होते.

धुळाजीने धीर केला. ‘‘अण्णा, दोनच डबे हायेत. पुरं करू की.’’

‘‘कावून पुरं करायचं? मोडला डाव. मोडलेला डाव कुनाचाच नसतो. पिशवी उचल.’’

आणि धुळाजीने पिशवी उचलली. हरण्याच्या भीतीने पळणाऱ्याचं ओझं, जिंकत असलेल्या माणसाने खांद्यावर घेतलं आणि जीपपर्यंत नेलं. पाहुणे मान हलवत मागून गेले. जीपचा आवाज लांब गेला. मी पत्र्याचा आहे, माझ्यात रक्त नाही. तरी त्या दिवशी मी तापलो होतो, आणि उन्हाने नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजी फळी घेऊन आला. वाळूची घमेली द्यायला छबुबाई सोबत होती.

‘‘काल हरला का तुमी?’’ तिने विचारलं.

‘‘न्हाई.’’

‘‘मग जिंकला?’’

‘‘न्हाई. अण्णा उठले. मग आमी पन उठलो.’’

तिने घमेलं खाली आदळलं. ‘‘पंगतीत ताटावरून अर्ध्यात उठत न्हाई मानूस. वाढनाराचा अपमान होतो. अन् तुमी अण्णाच्या मागं उठून गेलात? पोरगी फलक बघायला गेलती काल. कोरीच जागा बघून आली. माजा तिखटाचा डबा तुमी काय पाला साठवायला इथं गाडला?’’

मला त्या क्षणी छबुबाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. डोकं नाही म्हणून राहिलं.

धुळाजीने फळी ठेवली आणि खोपटातून काठी आणली. आठव्या डब्याला त्याला सहा फटके लागले. मग तो माझ्याकडे आला. चार फटक्यांत चेंडू वाळूवर आला. पाचवा मारला, चेंडू माझ्या कडेला घासून बोटभर पुढे गेला. बघायला बायकोशिवाय कुणी नव्हतं. हाताने उचलून टाकला असता तर कुणाला कळलं असतं? तो पलीकडे गेला, वाकला आणि सहावा फटका अगदी हलकेच मारला.

टण्ण!

दोन वर्षांनी मी वाजलो, मित्रांनो. बाकीचे आठ डबेही वाजत असतील, पण माझ्यात तिखट राहून गेलेलं, माझा आवाज वेगळा. छबुबाई म्हणाली, ‘‘वाजला,’’ आणि पदराने वाळूवरचे पायाचे ठसे पुसायला लागली.

अठ्ठेचाळीस फटके. धुळाजी सरळ गेस्ट हाउसवर गेला आणि दुपारी परत येऊन माझ्यापाशी बसला. तिथे काय झालं ते त्याने छबुबाईला सांगितलं, तेव्हाच मला कळलं. तो भगवानरावांना म्हणाला होता, ‘‘अण्णा, माजा डाव पुरा झाला. अठ्ठेचाळीस. तुमचे अडतीस हायेत अन् दोन डबे बाकी हायेत. नऊ फटक्यात वाजवले तर तुमी जिंकला, तुमचं नाव लिवा. मी सोता फळी ओढून देतो.’’

किती सरळ बोलणं! यात उद्धटपणा कुठे आहे? हवं तर पाहुण्यांनाच पंच करा, म्हणाला होता. पण भगवानरावांनी पेपर तोंडापुढे धरला आणि मुकादमाला हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून धुळाजीची रवानगी परत गव्हाणीत झाली.

इथेच मला सगळ्यात जास्त चीड येते. अर्ध्यात पळालेला माणूस फक्त स्वतःचा डाव मोडत नाही. तो समोरच्याचाही मोडतो. धुळाजी जिंकला असं कुणी म्हणू शकत नाही, आणि हरला असंही नाही. हरला असता तर निदान पाहुण्यांशी हात मिळवून घरी आला असता. भगवानरावांनी त्याचा विजय नेलाच, वर त्याची हारही नेली.

त्या संध्याकाळी जाण्यापूर्वी धुळाजीने वाळू बाजूला केली आणि मला उपसून काढलं. ‘‘आपल्या घरचा डबा हाय,’’ तो छबुबाईला म्हणाला. खड्ड्यावर त्याने वाळू लोटली, फळी ओढून जागा सारखी केली आणि वर निशाण नीट रोवून ठेवलं. तो चेंडू माझ्यातच होता.

पुढचं सांगतो आणि थांबतो. भगवानराव खेळत राहिले. साहेब येत राहिले, सातव्यावरून उठत राहिले. पुढच्या वर्धापनदिनाला ते पुण्याचे पाहुणे पुन्हा आले. भगवानराव सातव्यावरून उठले, पण हे हट्टाने एकटेच पुढे चालत गेले. निशाण काढून बघतात तर खाली नुसती वाळू. डबा कधीपासून नाही, हे एकालाही सांगता येईना. नववा डबा नाही हे कळायला त्या मैदानाला अख्खं वर्ष लागलं!

पाहुण्यांसमोर फजिती झाली, हे पुढे बंकटनेच सांगितलं. डबा धुळाजीने आणला होता हे अण्णांना आठवलं आणि त्यांनी बंकट पेंटरला आमच्या घरी पाठवलं. तो ओशाळून दारात उभा राहिला. ‘‘वैनी, अण्णा म्हनले, तो डबा देऊन टाका.’’

छबुबाईने त्याला आधी चहा दिला. मग फळीवर बसलेल्या माझ्याकडे हात करून म्हणाली, ‘‘डबा हाय की. कुठं पळून गेला न्हाई. अण्णाला म्हनावं, तुमचे दोन राहिलेत. येऊन खेळा, वाजवा, अन् मग घेऊन जावा.’’

बंकटने चहा संपवला आणि रिकाम्या हाताने गेला. त्या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. भगवानराव आलेले नाहीत. फलकावर १९९६च्या पुढची जागा अजून कोरी आहे, असं बंकट सांगतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. मला गंज चालतो. माझं मागणं एकच आहे. हरत असाल तर हरा, त्यात लाज नाही, पण समोरच्याला त्याचं जिंकणं पुरं करू द्या. आणि कुणी मोठा माणूस अर्ध्यात उठला, तर त्याची पिशवी उचलायला धावू नका.

आमच्या घरात कुणी ताटावरून, गणितावरून किंवा भांडणावरून अर्ध्यात उठू लागलं, की छबुबाई मला फळीवरून काढते आणि एकदाच हलवते. आत तोच चेंडू आहे. उठलेला माणूस गुमान परत बसतो.