रिव्हर्समधला बीथोव्हेन

आमचे बद्रीनाथकाका पिंपळगाव रेणुकाईत गाडी रिव्हर्समध्ये चालवायचे. बोळातून काढताना नव्हे, सगळीकडेच. मळ्यात, दूध डेअरीवर, सोसायटीत, आणि एकदा तर मयतीलाही. त्या दिवशी काका अंत्ययात्रेच्या पुढं होते की मागं, यावरून गावात अजून दोन गट आहेत.

मूळ मुद्दा गाण्याचा आहे. काकांनी जालन्यात मस्तगड भागातल्या एका माणसाकडून जुनी पिकअप घेतली. तिचा डावा दरवाजा सुतळीनं बांधलेला, काच वर जायची पण खाली यायची नाही, आणि रिव्हर्स टाकला की बंपरखालच्या हॉर्नातून एक धून वाजायची. बारीक, टिंगटिंग. दोन सुरांत घुटमळायची, खाली उतरायची, मध्येच तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. गाडी दारात लावताना काकांनी ती पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी गाडी पुढं घेतली आणि पुन्हा लावली. संध्याकाळपर्यंत ते गाडी लावतच होते. द्वारकाकाकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि चहा घेऊन परत गेल्या.

ही धून कुणाची हे माझ्या मित्रानं, बुद्धभूषणनं सांगितलं. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, म्हणून त्याच्या वडिलांनी, अप्पाराव गुरुजींनी, पोराच्या हातात शाळेतच व्हायोलिन दिलं. म्हणाले, उतारवयाची वाट कशाला बघायची. त्यामुळे आमच्या गावात युरोपातलं संगीत कळणारा एक माणूस आहे. बाकीच्या गावांचं कसं चालतं माहीत नाही.

"काका, हे बीथोव्हेनचं आहे," भूषण म्हणाला.

"कुठले म्हनायचे हे?"

"जर्मनीचे. जाऊन दोनशे वर्षं होत आली. शेवटी शेवटी तर पार बहिरे झाल्ते, तरी संगीत रचायचे."

काकांनी बॉनेटवर हात ठेवला.

"मंग बराबर हाये," ते म्हणाले. "रिव्हर्सला बी मागचं धड दिसत न्हाई. तरी मानूस अंदाजानं जातोच. त्यानं बिलकुल आपल्यासाठीच केलंय हे."

काकूंचं बीथोव्हेनशी भांडण नव्हतं. भांडण मानेपायी होतं. सतत मागं बघून काकांची मान डाव्या खांद्याकडे वळली आणि तिथंच राहिली. काका काकूंशी बोलायचे तेव्हा तोंड शेजारच्या गिरिजाबाईंच्या अंगणाकडे असायचं. काकू भाजीला मीठ जास्त पडलं का विचारायच्या आणि काका गिरिजाबाईंकडे बघून हो म्हणायचे. गिरिजाबाईंनी शेवटी पडदा लावला.

"गाडी ठेवा न्हाईतर मान ठेवा," एक दिवस काकू म्हणाल्या. "दोन्ही न्हाई जमायचं. देवीच्या देवळाला बी पाठमोरे जाता."

"पाठ न्हाई ती. आधी गानं पोचतं, मंग मी."

"गिऱ्हाईक बघितलंय मी. मंठ्याचे कल्याणराव. रविवारी येऊन राह्यले."

काकांनी गिरिजाबाईंच्या पडद्याकडे बघून मान हलवली. मान तेवढीच हलायची.

त्यांचं तोंड बघवेना, म्हणून मी त्यांना मोबाइल दिला. म्हटलं, "काका, ह्यात सगळं आहे. कधीपण ऐका." त्यांनी बीथोव्हेन पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला.

"पुढं बी हाये का हे?"

"आहे ना. हॉर्नमध्ये नुसती सुरुवात आहे."

"पुढं पुढं त्याचं डोकं गरम होतंय, अंगद. त्याचं बी बराबर असंल. पन आपल्याला आपलं पहिलंच बरं. पोळ्याच्या बैलावानी, फेरी मारून दारात परत येतंय."

भूषणला वाटलं, दुसरा कुणी आवडला तर बीथोव्हेनचं दुःख कमी होईल. त्यानं निंबाखाली खाट टाकून काकांना एकेक जण ऐकवला. मोझार्ट ऐकून काका म्हणाले, "हा लाडाचा दिसतोय. ह्यानं कधी कडबा तोडला न्हाई. पन गोड हाये." व्हिवाल्डी त्यांना आधीच माहीत होता, कारण कंपनीला फोन लावला की थांबायला सांगून तोच वाजवतात. त्याच्यावर त्यांचा राग होता. बाखला मात्र ते उठून बसले.

"हा तिफन चालवतोय रे. तीन नळ्या, बी एकच, पन जरा मागंपुढं पडून राह्यलं. पेरनीची वळ सरळ हाये. ह्याला माझा मळा देईन मी बटईनं, अर्ध्या वाट्यावर."

"मग हॉर्न बाखचा बसवू का माझ्या मोटरसायकलला?" भूषण म्हणाला.

"कामाच्या मानसाला हॉर्नात कशाला घालतो? करू दे त्याला काम."

म्हणजे आदर बाखला आणि जीव बीथोव्हेनमध्ये. भूषण म्हणाला, मोठमोठ्या जाणकारांचंही असंच असतं.

रविवारी कल्याणराव आले. शेळ्यांचे व्यापारी, अंगानं भरलेले, बोलायला कमी. त्यांनी टायर दाबले, सुतळीची गाठ ओढून पाहिली, इंजिन चालू करून तोंड वाकडं केलं. शेवटी रिव्हर्स टाकला. गाडी मागं मागं जात चावडीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. धून मात्र ऐकू येत होती. देवळाकडून, मग शाळेकडून, मग पुन्हा देवळाकडून. कल्याणराव परत आले, पण गाडीतून उतरले नाहीत.

"घेतो. घासाघीस न्हाई," ते म्हणाले.

"गाडी तुमची, हॉर्न माझा," काका म्हणाले.

"बद्रीनाथराव, सुतळीच्या दरवाजाची गाडी कोन घेतं? हॉर्नासाठीच तर घेऊन राह्यलो."

"मंग न्हाई द्यायची."

सगळे काकूंकडे बघायला लागले. काकाही बघत होते, म्हणजे बुबुळं डोळ्यांच्या कोपऱ्यात आणून. ते फक्त एवढं म्हणाले, "द्वारका, तेवढंच ऱ्हाऊ दे."

काकूंनी पदराला हात पुसले.

"कल्याणराव, हॉर्न न्हाई मिळायचा," त्या म्हणाल्या. "ते कोपऱ्यावर वाजतं तवा मी भाकर तव्यावर टाकते. हे पानावर बसेपर्यंत बराबर फुगती. गार भाकर पुढं आली की हे दिवसभर बोलत बसतात. त्यापेक्षा तुमचा बीथोव्हन परवडला."

काकांनी पडद्याकडं तोंड करून डोळे पुसले. गिरिजाबाईंनी पडद्याआडून विचारलं, मला काही म्हणाले का.

सौदा मोडणार तोच भूषणनं कल्याणरावांच्या कानाला मोबाइल लावला. मोझार्ट होता. कल्याणरावांनी डोळे मिटले. पायाचा अंगठा हलायला लागला.

"हे तर पिल्लू हाये," ते म्हणाले. "आत्ता ह्या दगडावर, आत्ता त्या दगडावर. मायच्या अंगावर बी चढतं. ह्याचा हॉर्न येतो का?"

यायचा. मी आणि भूषण मोटरसायकलवर भोकरदनला जाऊन घेऊन आलो. मोझार्ट बसला, बीथोव्हेन निघाला. कल्याणराव मोझार्ट वाजवत गावातून गेले, अर्थात रिव्हर्समध्ये. भोकरदनपर्यंत तसेच गेले म्हणे. मंठा तिथून बरंच लांब आहे. पुढचं आम्ही विचारलं नाही.

काकांचा हॉर्न आता गावालगतच्या मळ्यात, विहिरीच्या मोटारीच्या खोलीवर आहे. भूषणनं तो जुन्या चार्जरला जोडून दिला. थ्री फेजची लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि बीथोव्हेन सगळ्या शिवारात ऐकू जातो. पूर्वी लाईट आली का हे बघायला माणूस पाठवावा लागायचा. आता शिवारातली माणसं कान देऊन बसतात. शेजारच्या भारतनं स्वतःच्या विहिरीसाठी बाख मागितला, तर काकांनी त्याला आधी वळ सरळ धरायला शिक म्हणून सांगितलं.

काकांची मान आता सरळ आहे. गिरिजाबाईंनी पडदा काढला. लाईट आली, धून वाजली, की काका बांधावरून उठून जेवायला घराकडे निघतात आणि इकडे काकू भाकर तव्यावर टाकतात. गाडी नसल्यामुळे ते पायी येतात. फक्त हॉर्न वाजतोय तोवर उलटे चालतात, आणि काकू त्या हिशेबानं भाकर जरा उशिरा टाकतात.